तुमचा दीर ठेकेदार आहे, वहिनी

वयाची चाळिशी ओलांडेपर्यंत माझा कायद्याशी संबंध आला तो सातबाऱ्यापुरता. आमच्या जूचंद्र गावच्या बहुतेक घरांत हे असंच आहे. जमीन, वारसनोंद, घरपट्टी आणि आता बिल्डरचा करारनामा, एवढ्यात आमचं कायद्याचं शिक्षण आटोपतं. कामावर माणूस पडला तर त्याच्यासाठी १९२३ सालापासून, म्हणजे इंग्रजांच्या काळापासून भरपाईचा एक कायदा आहे, हे मला मे २०२४ पर्यंत माहीत नव्हतं. आणि माहीत झालं तेव्हा पहिल्या पानावरच अडखळले. कारण त्या कायद्यात शिरायचं तर आधी माणूस 'कामगार' आहे हे ठरावं लागतं, आणि आमचे भावजी कामगार आहेत की नाहीत यावरच भांडण होतं.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. वसई पूर्वेला वालीवच्या बाजूला एका फॅब्रिकेशनच्या गाळ्यात ते सहा वर्षं वेल्डिंग करत होते. शेड, जिने, ग्रिल, गेट. पावसाळा तोंडावर आला की छपरांची कामं निघतात. जुने सिमेंटचे पत्रे उतरवायचे, नवे रंगीत चढवायचे. अशाच एका कामावर, दुसऱ्याच एका कंपनीच्या छपरावर, जुना पत्रा पायाखाली फुटला आणि भावजी अठरा-वीस फुटांवरून खाली आले. टाच मोडली, उजवं मनगट मोडलं. टाच बरी झाली. मनगट जुळलं पण वळत नाही. ग्राइंडर धरला की हात थरथरतो आणि वेल्डिंगचा टाका सरळ जात नाही.

गाळ्याचा मालक वाईट माणूस नाही, हे मी आजही म्हणेन. इस्पितळाचं पहिलं बिल त्याने भरलं. दोनदा फळं घेऊन आला. मग महिन्याभराने आम्ही पुढचं विचारायला लागलो तेव्हा फोनवर अगदी नम्रपणे म्हणाला, "तुमचा दीर ठेकेदार आहे, वहिनी. ठेकेदाराला कोण भरपाई देतं?"

मला हसू आलं. ठेकेदार म्हटलं की आमच्याकडे पांढरी गाडी, दोन मोबाईल आणि नगरसेवकाच्या मागेपुढे फिरणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. भावजींकडे एक जुनी मोटारसायकल आणि वेल्डिंगचा काळा चष्मा. पण मालकाने कागद दाखवले तेव्हा हसू मावळलं. एक शंभर रुपयांचा स्टॅम्प पेपर: 'मी मजुरीचे ठेके घेणारा स्वतंत्र ठेकेदार असून माझ्या व माझ्या माणसांच्या सुरक्षेची जबाबदारी माझी राहील.' खाली भावजींची सही, ओळखू येईल अशी. दुसरा कागद आयकराचा. भावजींच्या पॅन नंबरावर दर वर्षी एक टक्का कर कापलेला, कलम १९४सी खाली, आणि हे कलम कंत्राटदारांचं. पगारदार माणसाचं कलम वेगळं. भावजींना यातलं काहीही ठाऊक नव्हतं. त्यांना आठवत होतं ते एवढंच की बँकेच्या कामासाठी म्हणून पॅन कार्डाची झेरॉक्स मागितली होती.

इथून माझी गोंधळाची यात्रा सुरू झाली. ह्यांना नोकरीतून सुटी नाही, भावजींचा हात प्लास्टरमध्ये, जाऊबाईंची मुलं लहान. मी घरी रांगोळीची कामं घेते, म्हणजे दिवाळी-गणपती सोडले तर मोकळी, असा सर्वांचा समज.

वसईत एक वकीलबाई कामगारांच्या केसेस घेतात असं कळलं. त्यांनी स्टॅम्प पेपर वाचलाच नाही म्हटलं तरी चालेल. बाजूला ठेवला आणि प्रश्न सुरू केले. वेल्डिंगचं मशीन कोणाचं? मालकाचं. गॅसच्या टाक्या? मालकाच्या. परांची? परांचीच नव्हती. कामावर किती वाजता जायचं हे कोण सांगायचं? गाळ्याचा सुपरवायझर, आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर. सुटी हवी असेल तर? विचारावं लागायचं. दुसऱ्या गाळ्यात काम करायची मुभा होती का? होती म्हणा, पण वेळ कुठे होता. पैसे कसे मिळायचे? इथे भावजी जरा थांबले. गाळ्यातल्या कामाची हजेरी, पण साइटवरच्या शेडच्या कामाला किलोमागे दर. दर शनिवारी उचल, महिनाअखेर हिशोब. आणि मदतीची माणसं? दोन हेल्पर, भावजींनीच गावाकडून आणलेले. त्यांचे पैसे? मालक भावजींच्या हातात द्यायचा, भावजी त्यांना वाटायचे.

मी वहीत दोन रकाने केले होते, एक आपल्या बाजूचा, एक मालकाच्या. वही भरत गेली तसे दोन्ही रकाने सारखेच लांब होत गेले. किलोमागे दर म्हणजे ठेका, हजेरी म्हणजे नोकरी. स्वतःचे हेल्पर म्हणजे ठेका, सुपरवायझरचा हुकूम म्हणजे नोकरी. मी विचारलं, "मग बाई, माणूस अर्धा कामगार आणि अर्धा ठेकेदार असतो का?" त्या म्हणाल्या, "कोर्टाला एकच उत्तर द्यावं लागतं. पण ते रकाने मोजून देत नाहीत."

मग त्यांनी मिठागराची गोष्ट सांगितली, आणि माझ्या डोक्यात पहिल्यांदा उजेड पडला. मिठागर आम्हाला परकं नाही. नायगाव-जूचंद्रच्या खाडीकाठी पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकलं, माझे सासरे उमेदीत तेच काम करायचे. पण ही गोष्ट सौराष्ट्रातली, कच्छच्या छोट्या रणाच्या काठावरची. तिथे धरांगध्रा केमिकल वर्क्स नावाच्या कंपनीच्या मिठागरात आगरिया लोक हंगामाला येत. प्रत्येकाला जमिनीचा एक तुकडा नेमून दिलेला. पैसे मणामागे. कामाच्या वेळा नाहीत, हजेरीपट नाही. बायकापोरं हाताशी, शिवाय हवे तर आपले मजूर लावा आणि त्यांचे पैसे तुम्हीच द्या. मालकाच्या रकान्यात याहून जास्त काय भरायचं? कंपनी म्हणालीच, हे स्वतंत्र ठेकेदार आहेत. पण १९५६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे कामगार आहेत. कारण वाफे पाडण्यापासून मीठ धरेपर्यंत प्रत्येक टप्प्यावर कंपनीची देखरेख होती आणि आगरिया स्वतः अंग मोडून राबत होता. काय करायचं एवढंच नव्हे तर कसं करायचं हे सांगायचा हक्क कोणाकडे आहे, हे न्यायालयाने पाहिलं. हाताखाली चार मजूर लावले म्हणून राबणारा माणूस ठेकेदार होत नाही, असंही त्यात आलं.

तो निकाल औद्योगिक विवाद कायद्याखालचा. पण कसोटी भरपाईच्या केसमध्येही लावतात. रात्री सासऱ्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे आम्हीपण कामगारच होतो की. आम्हाला कोण बोललं नाही तेव्हा." आणि पुन्हा टीव्हीकडे वळले.

पुढे कसोट्या वाढत गेल्या आणि माझा गोंधळही. १९७३ मध्ये हैदराबादच्या सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसच्या शिंप्यांचा निकाल लागला. नगावर शिवणारे शिंपी, यायच्या-जायच्या वेळा आपल्या मर्जीच्या, काम कधी घरीही न्यायचे. तरी ते नोकरच, कारण मशीन दुकानाचं आणि शिवण पसंत पडली नाही तर ती उसवून पुन्हा करायला लावायचा हक्क मालकाचा. न्यायालय म्हणालं की देखरेखीची एकच कसोटी सगळीकडे पुरत नाही, बाकीच्या गोष्टीही पाहायच्या. उलट, महाराष्ट्रातल्याच एका विडी कारखान्याच्या त्याआधीच्या निकालात बहुमताने ठरलं की मर्जीने येणारा-जाणारा विडी वळणारा हा कारखाना कायद्याखालचा कामगार नव्हे. एका न्यायमूर्तींनी त्या निकालाला असहमती लिहिली. विद्वान माणसांचं जिथे एकमत होत नाही तिथे माझ्यासारखीने वहीत रकाने पाडावेत म्हणजे जरा अतीच.

मला ही भानगड खऱ्या अर्थाने कळली ती माझ्याच कामावरून. जूचंद्र रांगोळीसाठी ओळखलं जातं. प्रदर्शनाची, हॉलची, मंडळाची ऑर्डर आली की विषय आणि माप ते सांगतात, तारीख ते सांगतात. पुढे रंग माझे, चाळणी माझी, पुतणीला घेऊन जायचं की एकटीने बसायचं हे मी ठरवते. डोळे आधी भरायचे की पार्श्वभूमी, यात आयोजक बोलला तर मी उठून चहा प्यायला जाते. ठरलेली रक्कम एकदाच मिळते, आणि पुढच्या आठवड्यात मी दुसऱ्याच कोणाच्या हॉलमध्ये असते. कायद्याच्या भाषेत स्वतंत्र ठेकेदार म्हणजे मी. उद्या हॉलच्या फरशीवर घसरून माझा हात मोडला तर या कायद्याने मला दमडी मिळणार नाही. आणि भावजी? सुपरवायझरने रात्री अकराला मेसेज टाकला की सकाळी सातला कुठल्या छपरावर हजर व्हायचं, कुठला पत्रा आधी काढायचा. सहा वर्षांत त्यांनी दुसऱ्या कोणाचं काम केलं नाही. माझ्या कामात आणि त्यांच्या कामात फरक आहे हे शेंबडं पोरही सांगेल. सिद्ध करायला मात्र साक्षीपुरावे लागतात.

सगळ्यात चक्रावून टाकणारं भरपाई कायद्याचं कलम बारा. मालकाने आपल्या धंद्याचंच काम ठेकेदाराला दिलं आणि ठेकेदाराचा माणूस जखमी झाला, तर भरपाई मालकाने द्यायची, मग त्याने ती ठेकेदाराकडून वसूल करावी. हे ऐकून मी आनंदाने म्हटलं, "मग झालंच की!" वकीलबाई म्हणाल्या, "झालं ते हेल्परांचं." म्हणजे असं, की पत्रा फुटून हेल्पर पडला असता तर भावजी ठेकेदार असोत की कामगार, दोन्ही बाजूंनी तो गाळ्याच्या मालकाकडे वळू शकला असता. पडले मात्र भावजी, आणि त्यांनाच ठेकेदार ठरवलं की कलम बारा त्यांच्या उपयोगाचं नाही. ज्याने दोन पोरांना हाताला धरून कामाला लावलं तोच उघड्यावर.

आणि ज्या कंपनीचं छप्पर होतं तिचं काय? ती प्लॅस्टिकच्या वस्तू बनवते. छप्पर बदलणं हा तिचा नेहमीचा धंदा नाही, म्हणून कलम बाराने तिला पकडणं कठीण. पत्रा ज्याचा फुटला तोच सुटला. हे मला आजही पटलेलं नाही.

स्टॅम्प पेपरचं उत्तर कलम सतरात आहे. कामगाराने आपला भरपाईचा हक्क सोडून दिल्याचा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. पण त्यासाठीही आधी कामगार ठरायला हवं. मी या कायद्यात जिकडून शिरले तिकडून त्याच दारात येऊन उभी राहत होते.

धीर आला तो एका सुताराच्या केसने. प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता. ओडिशातला हा सुतार मालकाच्या सिनेमागृहात नक्षीकाम करत होता. जुलै १९६८ मध्ये पडला आणि डावा हात कापावा लागला. मालकाचं म्हणणं काय, तर हा माझा नोकर नव्हे, अधूनमधून काम घेणारा ठेकेदार, आणि पडला तोही आपल्या चुकीने. वाचताना मला आमच्या मालकाचा फोनवरचा आवाजच ऐकू आला. भरपाई आयुक्तांनी ९,८०० रुपये दिले, वर निम्मा दंड आणि व्याज. मालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७५ च्या डिसेंबरात चार न्यायमूर्तींच्या पीठासमोर हरला. त्या निकालात दोन गोष्टी पक्क्या झाल्या. एक, भरपाई देणं लागू होतं ते अपघाताच्या दिवसापासून, निकालाच्या दिवसापासून नाही. दुसरी, उरलेल्या एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्या माणसाची कमावण्याची ताकद पूर्ण गेली असंच धरायचं. शरीर किती टक्के मोडलं हा एक हिशोब आणि कमाई किती टक्के मोडली हा दुसरा.

हा फरक आमच्या फार कामाचा. पहिल्या डॉक्टरांनी मनगटाचं अपंगत्व अठरा टक्के लिहिलं होतं. अठरा टक्के मनगट गेलेला क्लार्क सही करतो, फोन घेतो, पगार घेतो. अठरा टक्के मनगट गेलेला वेल्डर घरी बसतो. वकीलबाईंनी आम्हाला पुन्हा डॉक्टरांकडे पाठवलं, कमाईच्या क्षमतेचा दाखला मागायला. पाठीशी भावजींच्या कामाचे व्हिडिओ दिले, म्हणजे हाताला काय करावं लागतं हे डॉक्टरांना दिसेल. दाखल्यात चाळीस टक्के आले.

रकमेचं गणित मी स्वतः शिकले, आणि ते शिकल्याचा मला अभिमान आहे. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला महिन्याच्या पगाराचे साठ टक्के घ्यायचे आणि वयाप्रमाणे कायद्याच्या तक्त्यात जो आकडा आहे त्याने गुणायचं. भावजींना पस्तीस पूर्ण, तक्त्यातला आकडा १९७.०६. भावजींची कमाई बावीस हजारांच्या घरात होती, पण २०२० च्या जानेवारीपासून कायदा पगार पंधरा हजारांवर धरतच नाही. पंधरा हजारांचे साठ टक्के नऊ हजार, गुणिले १९७.०६, म्हणजे १७,७३,५४०. त्याचे चाळीस टक्के ७,०९,४१६ रुपये. अपघातानंतर महिन्याभरात दिले नाहीत तर वर बारा टक्के व्याज, आणि कारणाशिवाय टाळाटाळ केली तर निम्म्यापर्यंत दंड. मालकाने समेटासाठी देऊ केले होते साठ हजार. हे गणित केलं नसतं तर आम्ही ते घेतले असते, आणि आभारही मानले असते.

गाळ्याला कर्मचारी राज्य विमा योजना लागू असती आणि भावजींची कमाई तिच्या पगारमर्यादेत बसली असती, तर हे सगळं रामायण टळलं असतं. तिथे ठेकेदारामार्फत आलेला माणूसही मोजला जातो आणि पैसे विमा महामंडळ देतं. पण त्यासाठी दहा माणसं लागतात आणि कागदावर तिथे नऊच होती. 

जग इथून तिथून सारखंच, असं वाटायला लावणारी एक केस वकीलबाईंनी नंतर सांगितली. कॅलिफोर्नियात बोरेल्लो नावाच्या शेतमालकाने काकडी तोडणाऱ्या कुटुंबांकडून छापील करारावर सही घेतली होती, की आम्ही स्वतंत्र ठेकेदार. पैसे पिकाच्या वाट्याने. भांडण होतं ते नेमकं कामगार भरपाईच्या विम्याचं. १९८९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कराराला काय नाव दिलंय ते बघू नका, शेत कोणाचं, धंदा कोणाचा आणि त्या कुटुंबांच्या हातात ठरवण्यासारखं काय उरलंय ते बघा. आमचा स्टॅम्प पेपर त्यांच्या छापील कराराचा गरीब भाऊ.

आमच्या जूचंद्र-नायगावच्या नव्या टॉवरांत रात्रीबेरात्री जेवण पोचवणारी पोरं येतात, त्यात एक माझा भाचा. त्याला कंपनी 'पार्टनर' म्हणते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि १९२३ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. त्यात घरून कामावर जाता-येतानाचा अपघातही, कामाशी संबंध दिसला तर, धरलाय. ही चांगली गोष्ट. पण ॲपवरच्या पोरांची व्याख्याच मालक-नोकर नात्याच्या बाहेरचे अशी केली आहे. त्यांच्यासाठी कंपन्यांनी उलाढालीचा एक ते दोन टक्के वाटा निधीत द्यायचा आणि त्यातून योजना करायच्या. म्हणजे भाचा पडला तर भरपाईचा हक्क मागायला मालक नाही, योजनेकडे बघायचं. माझ्या मते हा वाद मिटवलेला नाही, बाजूला सारलाय.

भावजींचा अपघात आधीचा, म्हणून आमचं जुन्याच कायद्याने चाललंय. आयुक्त म्हणून न्यायाधीशच बसतात. मालकाचं लेखी म्हणणं आलं. त्यात स्टॅम्प पेपर आहे, आयकराचा एक टक्का आहे आणि 'कधीमधी येणारा' असा शब्दही आहे. या शेवटच्या मुद्द्याला धार नाही. कधीमधी येणाऱ्याला वगळणारे शब्द २००० च्या दुरुस्तीनेच कायद्यातून गेले. आमच्याकडे सुपरवायझरचे सहा वर्षांचे मेसेज आहेत, दर शनिवारच्या उचलीच्या बँक नोंदी आहेत आणि दोन्ही हेल्पर साक्षीला तयार आहेत. इस्पितळाच्या पहिल्या कागदावर मात्र फक्त 'उंचावरून पडून' एवढंच आहे. कुठून, कोणाच्या कामावर, हे लिहायला कोणी सांगितलं नाही, आणि मालकाचे वकील त्यावरच बोट ठेवतायत.

म्हणून नायगाव, जूचंद्र, कामणच्या ज्या घरांतले लोक गाळ्यांत आणि छपरांवर जातात त्या घरच्या बायांना माझं एक सांगणं आहे. इस्पितळात पहिला कागद होतो तेव्हा तुमचं माणूस पडलं ते कोणाच्या कामावर, हे लिहून घ्या. कामाचे मेसेज पुसू देऊ नका. स्टॅम्प पेपरवर सही केली असेल तर त्या भीतीने घरी बसू नका. अर्ज करायला अपघातापासून दोन वर्षं मिळतात, त्यातला एक महिनाही समेटाच्या गप्पांत घालवू नका.